बढती मिळाली की प्रवास लांबतो : कॉर्नवॉलच्या तळच्या रग्बी लीगचे गणित

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमध्ये एखाद्या गावाच्या रग्बी संघाने आपली लीग जिंकली, की त्या विजयासोबत एक प्रश्नही येतो. पुढच्या हंगामात एवढ्या लांब जाणार कोण? वरच्या श्रेणीत बढती मिळणे हे कोणत्याही लीगमधील सर्वांत मोठे बक्षीस मानले जाते. येथे मात्र त्या बक्षिसाची किंमत शनिवारच्या तासांत, बसच्या भाड्यात आणि सुटीच्या दिवशी घराबाहेर राहण्याच्या कौटुंबिक परवानगीत मोजावी लागते. काही क्लब ती आनंदाने मोजतात. काहींना ती परवडत नाही आणि ते स्वतःहून खालच्या श्रेणीत जाण्याची विनंती करतात. जिंकण्याची इच्छा आणि जिंकल्यानंतरचा खर्च यांमधील ही ओढाताण समजून घेतल्याशिवाय इंग्लंडमधील हौशी रग्बीची रचना नीट उमगत नाही.

ही रचना पिरॅमिडसारखी आहे. शिखरावर दहा व्यावसायिक क्लबांची प्रीमियरशिप आहे. तिच्याखाली दुसरी श्रेणी, त्याखाली नॅशनल लीग १ आणि मग नॅशनल लीग २. या चौथ्या पातळीपासून देशाचे भौगोलिक तुकडे पडू लागतात. नॅशनल लीग २ चे तीन विभाग आहेत. पाचव्या पातळीवर रीजनल १ या नावाच्या सहा लीग, सहाव्या पातळीवर रीजनल २ या नावाच्या बारा लीग आणि सातव्या पातळीपासून खाली काउंटीज १, काउंटीज २ अशा उतरत्या पायऱ्या आहेत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा. ‘काउंटीज २ कॉर्नवॉल’ ही याच तळाकडची एक लीग. सेंट डे, सेंट अॅग्नेस, हेल्स्टन, पेरनपोर्थ, रोझलँड, इलोगन पार्क ही नावे कॉर्नवॉलबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसतात. काउंटीच्या या पातळ्यांवर वर्षानुवर्षे खेळत आलेले हे क्लब आहेत.

कागदावर पाहिले तर या गावाच्या संघाला लंडनच्या मोठ्या मैदानापर्यंत जाण्याचा मार्ग मोकळा आहे. दर हंगामात वरचे वर, खालचे खाली. विजयाला चार गुण, बरोबरीला दोन, चार किंवा अधिक ट्राय केल्यास एक जादा गुण आणि सात किंवा कमी गुणांनी हरल्यास सांत्वनाचा एक गुण, हे कोष्टक शिखरापासून तळापर्यंत जवळपास सारखेच आहे. (ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे. त्याला पाच गुण मिळतात.) या शिडीचे सर्वांत बोलके उदाहरण कॉर्नवॉलच्या शेजारीच, डेव्हन काउंटीत आहे. एक्सेटर हा क्लब १९९० च्या दशकात तिसऱ्या-चौथ्या पायरीवर होता. २०१० मध्ये तो प्रीमियरशिपमध्ये पोहोचला, २०१७ मध्ये विजेता झाला आणि २०२० मध्ये त्याने इंग्लंडसह युरोपचेही विजेतेपद मिळवले. तळच्या प्रत्येक क्लबाच्या वार्षिक सभेत एक्सेटरचे नाव कधी ना कधी निघतेच.

लीगचे वावडे

आज जगण्याचा भाग झालेली ही लीग पद्धत इंग्लिश रग्बी युनियनमध्ये वयाने तरुण आहे. देशव्यापी, सर्व क्लबांना एका शिडीत बांधणारी लीग १९८७ मध्ये सुरू झाली. तिचा प्रायोजक ‘करेज’ हा मद्यनिर्माता होता, म्हणून ती ‘करेज लीग’ म्हणून ओळखली गेली. रग्बी फुटबॉल युनियन ही नियामक संघटना मात्र १८७१ ची. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे इंग्लंडमधील बहुतेक क्लब केवळ ठरवून घेतलेले मैत्रीपूर्ण सामने खेळत राहिले. कोणाशी खेळायचे हे जुने संबंध, शाळांची नाती आणि क्लबच्या चिटणीसाची पत्रव्यवहारातील चिकाटी यांवर ठरत असे.

याचे कारण भीती होते. लीग आली की जिंकण्याला अवाजवी महत्त्व येईल, प्रेक्षक वाढतील, तिकिटे विकली जातील आणि अखेरीस खेळाडू पैसे मागतील, असा संघटनेचा तर्क होता. हा तर्क किती खोल रुजलेला होता याची साक्ष भारताशी निगडित एका वस्तूत सापडते. कलकत्त्यातील इंग्रजांनी १८७३ मध्ये स्थापलेला ‘कलकत्ता फुटबॉल क्लब’ हा प्रत्यक्षात रग्बीचा क्लब होता. काही वर्षांतच सदस्य घटले आणि १८७८ मध्ये क्लब बंद करण्याचा निर्णय झाला. सदस्यांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ती वितळवून एक चषक घडवला आणि तो रग्बी फुटबॉल युनियनला भेट दिला. नागाच्या आकाराच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला हा चषक इंग्लंडमधील क्लबांच्या वार्षिक स्पर्धेसाठी वापरावा, अशी देणाऱ्यांची इच्छा होती. संघटनेला क्लबांमध्ये अशी चुरस नको होती. चषक इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सामन्याकडे वळवला गेला. १८७९ पासून ‘कलकत्ता कप’ याच सामन्याचा मानबिंदू आहे. क्लबांची देशव्यापी बाद स्पर्धा सुरू व्हायला त्यानंतर जवळपास शतक लागले.

भीती निराधार होती असेही म्हणता येत नाही. उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर आणि लँकेशायर येथील क्लबांत खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळत. शनिवारी खेळण्यासाठी बुडालेली मजुरी भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. १८९३ मध्ये संघटनेने ती फेटाळली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये वीसहून अधिक क्लबांच्या प्रतिनिधींनी वेगळी वाट धरली. आज ‘रग्बी लीग’ या नावाने ओळखला जाणारा, तेरा खेळाडूंचा स्वतंत्र खेळ त्या फुटीतून जन्माला आला. मूळ पंधरा खेळाडूंचा खेळ ‘रग्बी युनियन’ म्हणून हौशीच राहिला. त्याने खेळाडूंना पैसे देण्यावरील बंदी थेट ऑगस्ट १९९५ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी उठवली.

कॉर्नवॉल या फुटीत अपवाद ठरला. कथिल आणि तांब्याच्या खाणींचा हा मुलूख. पेनरिन, रेडरूथ (१८७५) आणि कॅम्बोर्न (१८७८) यांसारखे क्लब खाणकामगारांच्या जोरावर वाढले. उत्तरेतील कामगारांनी युनियन सोडली, पण देशाच्या दुसऱ्या टोकाला असलेले हे कामगार तिच्यातच राहिले. त्यामुळे इंग्लंडच्या बऱ्याच भागांत रग्बी युनियन ही खासगी शाळांतून शिकलेल्यांची मिरास मानली जात असताना कॉर्नवॉलमध्ये ती कामगारवस्तीचा आणि बंदराचा खेळ झाली. १९०८ मध्ये कॉर्नवॉलने आंतरकाउंटी अजिंक्यपद जिंकले आणि त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचे प्रतिनिधित्व त्यांच्याकडे आले. रग्बीत दोनच संघ होते. ऑस्ट्रेलियाने ३२-३ असा विजय मिळवला आणि रौप्यपदक कॉर्नवॉलच्या वाट्याला आले.

पुढे खाणी एकामागून एक बंद पडल्या आणि माणसे बाहेर पडली. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथे तर ती गेलीच, पण भारतातही आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजच्या कर्नाटकातील कोलार सोनखाणींत कॉर्नवॉलच्या खाणतज्ज्ञांची मोठी वसाहत होती. जो तरुण गावातून उठून परदेशी खाणीत जाई, तोच बहुधा गावच्या संघाचाही खेळाडू असे. संघ पुरा करण्याची चिंता या मुलखाला अशी जुनीच आहे. कॉर्नवॉलची शेवटची कथिलाची खाण, साउथ क्रॉफ्टी, १९९८ मध्ये बंद झाली. खाणींभोवतीची गावे टिकली आणि त्यांचे क्लबही.

टेमर नदीच्या अलीकडे, पलीकडे

कॉर्नवॉलच्या तिन्ही बाजूंना समुद्र आहे. उरलेल्या बाजूने, डेव्हनच्या सीमेवर, टेमर नदी जवळपास पूर्ण लांबीने वाहते. लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे पाच लाख सत्तर हजार. रग्बीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की जवळ खेळायला संघ मोजके आणि दूर खेळायला रस्ता एकच. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा ए-३० हा महामार्ग काउंटीचा कणा आहे.

काउंटीच्या आतली लीग त्यातल्या त्यात सोयीची. रेडरूथ आणि कॅम्बोर्न ही गावे तर पाच-सहा किलोमीटरच्या अंतरावर. नाताळच्या दुसऱ्या दिवशी या दोघांत होणारा सामना हा तेथील वर्षाचा सोहळा असतो. पण पश्चिम टोकाच्या पेन्झॅन्सहून उत्तर सीमेवरच्या ब्यूडला जायचे म्हटले तरी एका बाजूचे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते. बढती मिळून काउंटीज १ मध्ये गेले की लीगमध्ये डेव्हनचे क्लब येतात आणि पेन्झॅन्सहून एक्सेटरच्या परिसरात जायला पावणेदोनशे किलोमीटर लागतात. रीजनल २ मध्ये सॉमरसेटची भर पडते, रीजनल १ मध्ये ब्रिस्टल आणि ग्लॉस्टरशायरकडे जावे लागते, म्हणजे तीनशे किलोमीटरच्या पुढे. नॅशनल लीग २ च्या पश्चिम विभागात पोहोचलेल्या संघाला मिडलँड्सपर्यंत मजल मारावी लागते. प्लिमथजवळ टेमरवरील पुलाचा पथकर कॉर्नवॉलमधून बाहेर पडतानाच घेतला जातो, परत येताना नाही. बढतीचे अर्थशास्त्र याहून नेमकेपणाने क्वचितच कोणी मांडले असेल.

हा सगळा प्रवास पगारी खेळाडूंचा नसतो. या पातळीवरचा खेळाडू शिक्षक असतो, सुतार असतो, मासेमार किंवा शेतकरी असतो. दुभत्या गुरांचे दूध सकाळी काढून निघालेला माणूस संध्याकाळी दूध काढायला परत हवा असतो. घरच्या मैदानावरील सामना दुपारी अडीच-तीनला सुरू होऊन पाचच्या आत संपतो. दीडशे-दोनशे किलोमीटरवरचा सामना मात्र सकाळी सातला घर सोडायला लावतो आणि रात्री उशिरा परत आणतो. पर्यटनावर चालणाऱ्या या काउंटीत हॉटेल-खानावळीत काम करणाऱ्यांना तर शनिवारची सुटी मिळणेच अवघड. म्हणून एकाच क्लबाचा घरचा संघ आणि बाहेरगावचा संघ यांत ओळखू न येण्याइतका फरक पडतो. तळच्या लीगचे निकाल वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. एखाद्या संघाने पाहुण्यांना पन्नास गुणांनी हरवले असेल, तर त्यात त्याचे कर्तृत्व किती आणि पाहुण्यांच्या बसमधील रिकाम्या जागा किती, हे कोष्टक सांगत नाही.

२०२२ मध्ये रग्बी फुटबॉल युनियनने तळच्या लीगची फेरमांडणी केली, ती याच कारणाने. पाचव्या-सहाव्या पातळीवरच्या लीगमध्ये चौदाऐवजी बारा संघ ठेवले गेले, सामने कमी झाले, हंगामात मोकळे शनिवार आले आणि विभागांच्या सीमा अंतर पाहून नव्याने आखल्या गेल्या. हिशेबाने हे योग्यच. पण सामने कमी म्हणजे घरच्या मैदानावरचे दिवसही कमी, आणि क्लबाचे उत्पन्न त्याच दिवसांतून येते.

हे उत्पन्न तिकिटांचे नसते. ते क्लबहाउसमधील बारचे असते. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकत्र जेवतात. कॉर्नवॉलमध्ये बहुधा पेस्टी, म्हणजे मांस आणि बटाट्याचे सारण भरलेली, करंजीच्या आकाराची पण तळहाताहून मोठी, भाजलेली पोळी. खाणकामगारांचे हे जुने जेवण. त्या दोन तासांत विकल्या जाणाऱ्या बिअरवर मैदानाचे गवत, न्हाणीघराचे गरम पाणी आणि मुलांच्या संघांचे चेंडू चालतात. बार सांभाळणारे, मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारे, चिखलाने माखलेल्या पंधरा जर्सी घरी नेऊन धुणारे हे सारे स्वयंसेवक. पंच काउंटीच्या पंचसंघटनेकडून येतो. सीमारेषेवरचे साहाय्यक मात्र बहुतेक वेळा क्लबांनाच उभे करावे लागतात. बाकावर बसलेला जखमी खेळाडू अनेकदा तेथेच दिसतो.

पहिल्या फळीतले तिघे

संघ पुरा होणे म्हणजे पंधरा माणसे जमणे एवढेच नव्हे. रग्बीतील स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात. त्यातील पहिल्या फळीतल्या तिघांच्या मानेवर आणि मणक्यावर मोठा भार येतो. म्हणून त्या तीन जागांवर प्रशिक्षित खेळाडूच उभे करता येतात. नियमच तसा आहे. संघ पंधरा जणांचा असेल तर असे तीन, सोळा ते अठरा जणांचा असेल तर चार, एकोणीस ते बावीस असतील तर पाच आणि तेवीस असतील तर सहा. ते नसतील तर स्क्रममध्ये रेटारेटीला मनाई होते आणि स्क्रम केवळ औपचारिक उरतो. चपळ धावणारा तरुण सहज मिळतो. शंभर किलोंहून अधिक वजनाचा, पहिल्या फळीचे तंत्र जाणणारा आणि शनिवारी मोकळा असलेला माणूस मिळत नाही. तळच्या लीगमध्ये एका प्रॉपचा गुडघा दुखावला तर त्याची बातमी पुढच्या गावापर्यंत जाते ती उगीच नाही.

या टंचाईवर उतारा म्हणून ‘गेम ऑन’ नावाची मुभा आली. दोन्ही संघांची संमती असेल तर पंधराऐवजी कमी, अगदी दहा-दहा खेळाडूंनीही, कमी वेळाचा किंवा रेटारेटीविना स्क्रमचा सामना खेळता येतो. सामना रद्द होऊन दोन्ही गावे रिकाम्या हाताने घरी जाण्यापेक्षा हे बरे. जुन्या मंडळींना हा खेळाचा अवमान वाटतो. पण बार उघडा राहतो, आणि सलग तीन शनिवार सामना न झालेला खेळाडू चौथ्या शनिवारी येतच नाही, हा अनुभव त्यांनाही नाकारता येत नाही.

खेळाडू राखण्याच्या याच चिंतेतून जानेवारी २०२३ मध्ये मोठा वाद पेटला. मेंदूला होणाऱ्या दुखापती कमी करण्यासाठी हौशी रग्बीत टॅकलची उंची कमरेपर्यंत खाली आणण्याचा निर्णय रग्बी फुटबॉल युनियनने जाहीर केला. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून खाली पाडणे म्हणजे टॅकल. तोवर खांद्याच्या रेषेपर्यंत ती वैध होती. हेतूविषयी फारसे दुमत नव्हते. पण तळच्या क्लबांशी पुरेशी चर्चा न करता नियम लादला गेला, अशी तक्रार देशभरातून आली. हजारो सह्यांचे निवेदन निघाले आणि काही दिवसांतच संघटनेने दिलगिरी व्यक्त केली. चर्चेअंती छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंतची उंची ठरली आणि १ जुलै २०२३ पासून ती लागू झाली. व्यावसायिक सामन्यांना हा नियम लागू झाला नाही. त्यामुळे दूरचित्रवाणीवर वैध दिसणारा टॅकल गावच्या मैदानावर शिक्षेस पात्र ठरतो, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली.

तळच्या क्लबांना आवाज आहे, हे मात्र त्यातून दिसले. रग्बी फुटबॉल युनियन ही क्लबांनी बनलेली संस्था आहे आणि सेंट डेसारख्या गावाच्या क्लबालाही तिच्या सभेत मत असते. २०२३-२४ या वर्षात संघटनेला तीन कोटी एकोणऐंशी लाख पौंडांचा परिचालन तोटा झाला, आणि त्याच वर्षी मुख्य कार्यकारी अधिकारी बिल स्वीनी यांना बोनससह अकरा लाख पौंडांच्या घरात मोबदला मिळाल्याचे उघड झाले. अध्यक्ष टॉम इलुब यांनी पद सोडले. क्लबांच्या मागणीवरून २७ मार्च २०२५ रोजी विशेष सभा झाली. स्वीनी यांच्यावरील अविश्वासाचा ठराव ४६६ विरुद्ध २०६ मतांनी फेटाळला गेला. स्वीनी राहिले, पण हौशी खेळाला अधिक अधिकार आणि पैसा देण्याचा विषय पुन्हा कार्यक्रमपत्रिकेवर आला.

शिखरावरची स्थिती पाहिली तर तळाचा हा खटाटोप आणखी वेगळा वाटतो. २०२२ मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स, तर २०२३ मध्ये लंडन आयरिश हे प्रीमियरशिपमधील तीन क्लब कर्जापायी कोसळले. त्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीचा विजेता जर्सी रेड्स विजेतेपदानंतर काही महिन्यांतच बंद पडला. ईलिंग ट्रेलफाइंडर्सने दुसरी श्रेणी जिंकूनही मैदानाच्या क्षमतेच्या निकषामुळे त्याला वर घेतले गेले नाही. कॉर्नवॉलचा एकमेव मोठा व्यावसायिक संघ, पेन्झॅन्सचा कॉर्निश पायरेट्स, याच निकषापायी वर्षानुवर्षे नव्या स्टेडियमची वाट पाहत राहिला. शिडीच्या वरच्या पायऱ्या अशा डळमळीत. सर्वांत खालच्या पायऱ्यांवर मात्र दुसरा एक अनुभव आहे. रिचमंड आणि लंडन वेल्श हे जुने क्लब व्यावसायिक रग्बीत दिवाळखोर झाले, तेव्हा अनुक्रमे २००० आणि २०१७ मध्ये त्यांनी पुन्हा सुरुवात केली ती तळच्या हौशी लीगमधूनच. तेथे पगार नव्हते, म्हणून कर्जही नव्हते.

हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि वसंत ऋतूत संपतो. अखेरच्या सामन्यानंतर पुढच्या वर्षीची मांडणी होते. कोण वर जाणार, कोण खाली येणार, कोणता क्लब नकाशावर कोणत्या विभागात बसणार, याची तात्पुरती यादी रग्बी फुटबॉल युनियन जाहीर करते आणि क्लबांना हरकती नोंदवण्याची मुदत देते. टेमरच्या पलीकडे ढकलला गेलेला एखादा कॉर्निश क्लब त्या मुदतीत आपल्या खेळाडूंना एकेक करून दूरध्वनी करतो आणि पुढच्या हंगामात बसमध्ये किती जण बसतील, याची मोजणी करतो. आकडा पंधराच्या वर गेला आणि त्यात पहिल्या फळीचे तिघे असले, तर यादी मान्य केली जाते.